संगणकाची किल्ली कोणाच्या कमरेला?

कबनूर आणि इचलकरंजी यांची वस्ती आज अशी एकमेकींत मिसळून गेली आहे की, गाव कोठे संपते आणि शहर कोठे सुरू होते हे नवख्या माणसाला सांगता येऊ नये. हातकणंगले तालुक्यातील या गावाची नोंद २०११ च्या जनगणनेने 'जनगणना नगर' अशी केली. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसविला, त्याला आता सव्वाशे वर्षे होत आली. या काळात माग बदलले, मालक बदलले, धाग्याचे भाव शेकडो वेळा चढले आणि कोसळले; एक वाटणी मात्र फारशी बदलली नाही. मागावर बहुतेक पुरुष आणि कांडीवर बहुतेक बाई. माग हे 'यंत्र' मानले गेले, कांडी हे 'हातचे काम' मानले गेले. आणि मजुरीही त्याच हिशेबाने ठरत आली. वास्तविक कांडी भरली नाही तर धोटा रिकामाच धावेल. परंतु यंत्राला हात लावणाऱ्याचा मान वेगळा आणि यंत्राला माल पुरविणाऱ्याचा वेगळा, हा नियम या गावाने कोणत्याही ग्रंथात न वाचता पाळला.

याच घरांतील मुली आज महाविद्यालयांत आहेत. शिवाजी विद्यापीठाची स्थापना १९६२ ची. इचलकरंजीत वस्त्रोद्योग व अभियांत्रिकी शिक्षणाची डीकेटीई ही संस्था १९८२ पासून उभी आहे. मुलींचे स्वतंत्र महाविद्यालयही शहरात आहे. कबनूरची मुलगी सकाळी बसथांब्यावर उभी असते, हे दृश्य आता कोणाला नवल वाटण्यासारखे राहिलेले नाही. देशाचे चित्रही असेच दिसते. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये सुमारे ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी उच्च शिक्षण घेत होते आणि त्यांपैकी सुमारे २ कोटी ७ लाख मुली होत्या. प्रवेशाच्या नोंदवहीत जवळजवळ बरोबरी झाली आहे. ही बरोबरी दान म्हणून मिळालेली नाही. तीन पिढ्यांच्या आयांनी ती पोटाला चिमटा घेऊन मिळविली आहे, आणि तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही.

परंतु नोंदवहीतील बरोबरी आणि साधनावरील हक्क या दोन गोष्टी एक नव्हेत. महाविद्यालयाच्या संगणक कक्षात मुलगा व मुलगी शेजारी शेजारी बसतात. तास संपतो, कक्षाला कुलूप लागते, आणि दोघे घरी जातात. तेथून पुढे त्यांच्या वाटा फुटतात. मुलाच्या खिशात स्वतःचा मोबाईल असतो, रात्री तो मित्राच्या खोलीवर जाऊन लॅपटॉप उघडू शकतो, कोपऱ्यावरच्या दुकानात बसून अर्ज भरू शकतो. मुलीच्या हाती असलेला मोबाईल पुष्कळदा घराचा असतो. तो आईच्या हातून तिच्याकडे येतो, तिच्याकडून धाकट्या भावाकडे जातो, आणि रात्री वडिलांच्या उशाशी चार्जिंगला लागतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, आयुष्यात केव्हा तरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रियांचे प्रमाण देशात सुमारे ३३ टक्के, तर पुरुषांचे ५७ टक्के आढळले. महाराष्ट्र पुढारलेला म्हणवितो. येथे हे प्रमाण स्त्रियांत ३८ आणि पुरुषांत सुमारे ६१ टक्के निघाले. म्हणजे प्रमाण दोघांचे वाढले, पण मधली दरी जवळपास देशाइतकीच राहिली. पुढारलेपणाने यंत्र आणले. ते कोणाच्या हातात पडावे हे मात्र जुन्या रिवाजानेच ठरविले.

हे आकडे सर्वसाधारण स्त्री-पुरुषांचे आहेत, विद्यापीठातील तरुण पिढीला ते लागू नाहीत, असे कोणी म्हणेल. त्याने 'असर' या संस्थेचा २०२३ चा अहवाल पाहावा. तो चौदा ते अठरा वर्षांच्या ग्रामीण मुलामुलींचा आहे. म्हणजे ज्या वयातून मुले महाविद्यालयाच्या दारात येतात, नेमक्या त्या वयाचा. ज्यांना स्मार्टफोन वापरता येतो अशा मुलांपैकी सुमारे ४४ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता. अशाच मुलींपैकी सुमारे २० टक्क्यांकडे. वापरता दोघांनाही येत होता, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. मालकी मात्र दुपटीहून अधिक फरकाने मुलांकडे होती. संगणकाची कथा तर दोघांसाठीही दारिद्र्याचीच आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीत देशातील अवघ्या १०.७ टक्के कुटुंबांत संगणक होता. ग्रामीण भागात ४.४ टक्के, शहरी भागात २३.४ टक्के. यंत्रमाग कामगाराच्या एका खोलीत तो कोठून असणार? तेव्हा पहिली विषमता वर्गाची आहे, याविषयी शंका नको. दुसरी विषमता तिच्या पोटात दडलेली आहे. जेथे साधन एकच असते तेथे ते कोणाला मिळते, हा प्रश्न श्रीमंताच्या घरात फारसा उद्भवत नाही, कारण तेथे साधने दोन असतात. तो गरिबाच्या घरातच उद्भवतो. म्हणून स्त्री-पुरुष विषमतेचा हा विषय मध्यमवर्गीय बायकांचा छंद आहे असे मानणाऱ्या कार्यकर्त्यांनी आपला समज तपासून पाहावा.

या विषमतेचे एक सोपे स्पष्टीकरण प्राध्यापकांच्या खोलीत आणि घरांतही ऐकू येते: मुलींना त्याची आवडच कमी असते, यंत्र हे मुलांच्या डोक्याचे काम. ज्या गावात सबंध आयुष्य यंत्रांच्या आवाजात जाते तेथे तरी असले विधान कोणी करू नये. संगणकाच्या इतिहासाचा एक धागा तर थेट मागापर्यंत जातो. जोसेफ जकार्डने १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून नक्षी विणणारी यंत्रणा सिद्ध केली. त्या पुठ्ठ्यांची कल्पना चार्ल्स बॅबेज याने आपल्या गणकयंत्राच्या आराखड्यात घेतली. आणि त्या यंत्राकडून गणिते कशी करवून घ्यावीत याचे टिपण १८४३ मध्ये ज्या व्यक्तीने प्रसिद्ध केले ती एदा लव्हलेस ही स्त्री होती. पुढे शंभर वर्षांनी, १९४६ मध्ये, अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे 'एनिॲक' हा अवाढव्य संगणक जगापुढे आला. त्याची आज्ञावली बसविणाऱ्या सहाही जणी स्त्रिया होत्या. समारंभात कौतुक झाले ते यंत्र बांधणाऱ्या पुरुषांचे. या सहा जणींची ओळख करून देण्याचेही कोणाला सुचले नाही. कारण उघड आहे. यंत्राचा सांगाडा उभारणे हे तेव्हा मोठे काम समजले जाई आणि त्याला आज्ञा देणे हे कारकुनी. कांडी आणि माग यांचाच हा न्याय. पुढे आज्ञावलीत पैसा आणि प्रतिष्ठा आली, तेव्हा ते काम 'पुरुषांच्या डोक्याचे' ठरले.

अमेरिकेत १९८४ च्या सुमारास संगणकशास्त्राच्या पदवीधरांत स्त्रियांचे प्रमाण ३७ टक्क्यांपर्यंत गेले होते. पुढील पंचवीस वर्षांत ते १८ टक्क्यांच्या आसपास उतरले. मुलींची बुद्धी पंचवीस वर्षांत निम्मी झाली असे तर कोणी म्हणणार नाही. त्या काळात घरोघर छोटे संगणक आले, ते मुलांचे खेळणे म्हणून विकले गेले, मुलाच्या खोलीत ठेवले गेले. आणि महाविद्यालयात येणारा मुलगा आधीच सराव करून येऊ लागला. प्राध्यापक त्या सरावालाच बुद्धी समजू लागले. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात जेन मार्गोलिस आणि ॲलन फिशर यांनी याचा बारकाईने अभ्यास केला. प्रवेशाच्या वेळी पूर्वसरावाला दिले जाणारे वजन कमी करण्यात आले, निरनिराळ्या तयारीच्या विद्यार्थ्यांसाठी आरंभीचे वर्ग निराळे ठेवण्यात आले, आणि १९९५ मध्ये तेथे संगणकशास्त्राला प्रवेश घेणाऱ्यांत ७ टक्के असलेल्या मुली २००० मध्ये ४२ टक्के झाल्या. पाच वर्षांत मुलींचा स्वभाव बदलला नव्हता, संस्थेचा व्यवहार बदलला होता.

भारतातील गोष्ट मात्र अमेरिकेची नक्कल नाही, आणि ती तशी समजणे ही मोठीच चूक ठरेल. न्यू मेक्सिको विद्यापीठातील प्राध्यापिका रोली वर्मा यांनी भारतातील संगणकशास्त्राच्या विद्यार्थिनींच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा त्यांना वेगळेच चित्र दिसले. येथील मुलींना हे शास्त्र 'पुरुषी' वाटत नव्हते. उलट, छपराखाली बसून करावयाचे, अंगमेहनतीचे नसलेले, पगार देणारे आणि सुरक्षित असे हे काम मुलींना शोभणारे आहे, असा त्यांचा व त्यांच्या घरच्यांचा समज होता. बांधकाम किंवा यंत्र अभियांत्रिकीला जाऊ न देणारे वडील संगणकाला आनंदाने पाठवितात, हा अनुभव इचलकरंजी परिसरातील कोणत्याही शिक्षकाला असेल. ज्या कारणासाठी आजीला कांडीवर बसविले गेले, त्याच कारणासाठी नातीला संगणकावर बसविले जाते. छप्पर, चार भिंती आणि नजरेच्या टप्प्यातील काम! त्यातून मुलीचा फायदा झाला हे खरे, आणि तो नाकारण्यात शहाणपणा नाही. परंतु दार उघडण्याचे कारणच 'ती आत राहील' हे असेल, तर त्या दारातून तिने बाहेर किती जावे याची सीमाही तेच कारण आखून देते.

तेव्हा येथील विषमता आवडीची नाही, क्षमतेची नाही, आणि यंत्राच्या भीतीचीही फारशी नाही. ती वेळेची आहे, मालकीची आहे आणि पहाऱ्याची आहे.

वेळेचा हिशेब सरकारनेच करून ठेवला आहे. २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातील बिनमोल कामासाठी स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात आणि पुरुष ८८ मिनिटे, असे आढळले. ही सरासरी अशी कामे करणाऱ्यांचीच आहे. ज्या पुरुषांनी केरसुणीला हातच लावला नाही, ते या हिशेबात धरलेलेही नाहीत. आता ज्या घरी वडील मागावर बारा तासांच्या पाळीला आहेत आणि आई कांडीवर आहे, त्या घरी महाविद्यालयातून आलेली मुलगी काय करते हे सांगण्यास सर्वेक्षण कशाला हवे? पाणी आले की पाणी, मग स्वयंपाक, मग धाकट्यांचा अभ्यास, मग भांडी. तिचा भाऊ याच वेळात चित्रफिती पाहून काहीतरी नवे शिकतो, किंवा काहीही न शिकता नुसता चाळा करतो. परंतु चाळा करणे हेदेखील शिकण्याचेच एक अंग आहे, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात येते. यंत्र निरुद्देश हाताळल्याखेरीज त्याची भीड मोडत नाही. मुलीला यंत्र मिळते ते कामापुरते: अर्ज भर, निकाल पाहा, गृहपाठ पाठव, आणि दे परत. तिचा प्रत्येक स्पर्श सकारण असावा लागतो. जिला बिघडविण्याची मुभा नाही, तिला दुरुस्त करण्याचे कौशल्य कोठून यावे?

मालकीचा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. मोबाईल कोणाच्याही नावावर असो, वापरायला मिळाला म्हणजे झाले, असे म्हटले जाते. पण आजची राज्यव्यवस्था नागरिकाला त्याच्या मोबाईल क्रमांकावरूनच ओळखते. शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचा अर्ज, बँकेचे खाते, आधारची जोडणी या साऱ्यांचा सांकेतिक आकडा, ज्याला लोक 'ओटीपी' म्हणतात, तो त्या क्रमांकावर येतो. क्रमांक वडिलांचा असेल तर मुलीची शिष्यवृत्ती वडिलांच्या पाळीला अडकते. ते मागावर असतील, खटखटाटात फोन ऐकू आला नाही, तर दहा मिनिटांत तो आकडा बाद होतो आणि सारे पुन्हा पहिल्यापासून. २०२५ च्या सप्टेंबरात 'लाडकी बहीण' योजनेच्या लाभार्थींना ई-केवायसीची सक्ती झाली, तेव्हा स्त्रीच्या स्वतःच्या आधारबरोबर पती किंवा वडील यांच्या आधारचीही पडताळणी मागण्यात आली. पती वारलेला, वडील नाहीत, किंवा नवऱ्याने टाकलेली अशा बायकांची त्यात जी ससेहोलपट झाली ती वर्तमानपत्रांतून सर्वांनी वाचली. मुदती वाढवाव्या लागल्या. बहीण म्हणून पैसे द्यावयाचे आणि ओळख मात्र पुरुषाच्या फोनवरून पटवावयाची, ही गंमत राज्यकर्त्यांना गंमत वाटत नाही, यातच त्यांची दृष्टी दिसून येते.

घरचा फोन मिळाला नाही तर मुलीला दुकान गाठावे लागते. पंचवीस वर्षांपूर्वी नेट कॅफे आले, तेव्हा त्या अर्ध्या अंधाऱ्या फळकुटांच्या खोपटांत मुलगी शिरली तर गावात चर्चा होई. त्यामुळे पहिल्या पिढीतील कितीतरी मुलींची इंटरनेटशी पहिली ओळखच हुकली. आज त्यांची जागा झेरॉक्सच्या दुकानांनी आणि सेवा केंद्रांनी घेतली आहे. मुलगी कागदपत्रे घेऊन काउंटरपुढे उभी राहते, दुकानदार आतल्या बाजूला संगणकावर अर्ज भरतो, पासवर्डही तोच ठरवितो आणि आपल्या वहीत लिहून ठेवतो. पुढच्या वर्षी तिला पुन्हा त्याच्याकडेच यावे लागते. पदवीच्या तीन वर्षांत कागदोपत्री शंभर वेळा 'ऑनलाइन' झालेली मुलगी प्रत्यक्षात एकदाही स्वतःच्या हाताने कळ न दाबता बाहेर पडू शकते. मोबाईलवर बोटे भराभर चालतात, म्हणून तिला संगणक येतो असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात मुलाखतीच्या दिवशी तिच्यापुढे कळफलक आणि कोरा तक्ता येतो, तेव्हा तिचा घाम निघतो. मुलांपैकीही पुष्कळांची हीच अवस्था आहे, हे न्यायाने सांगितले पाहिजे. फरक इतकाच की, मुलाला चूक दुरुस्त करण्यासाठी आणखी चार वर्षे मिळतात. मुलीच्या बाबतीत त्या चार वर्षांत लग्न ठरते.

पहाऱ्याचा प्रश्न सर्वांत अवघड, कारण पहारेकरी बहुधा प्रेमाने पहारा करीत असतो. गुजरातमधील मेहसाणा जिल्ह्यातील सूरज या गावाने २०१६ मध्ये अविवाहित मुलींना मोबाईलची बंदी केली. २०१९ मध्ये बनासकांठा जिल्ह्यात ठाकोर समाजाच्या काही गावांनी तसाच ठराव केला. महाराष्ट्रात असा ठराव करण्याची फारशी गरज भासत नाही. प्रत्येक घर तो ठराव न लिहिता करते. मुलीच्या फोनला कुलूप असू नये, असलेच तर ते भावाला माहीत असावे, रात्री दहानंतर ती 'ऑनलाइन' दिसू नये. तिला त्रास देणारा कोणी अनोळखी माणूस निघाला तर तिने घरी सांगू नये अशीच ही व्यवस्था आहे, कारण सांगितल्यावर पहिली शिक्षा होते ती तिचा फोन काढून घेण्याची. गुन्हा एकाचा आणि जप्ती दुसऱ्याची! अशा घरातील मुलगी धमकी मुकाट्याने सोसते आणि त्रास देणारा निर्धास्त राहतो.

वसतिगृहे याच घरांची मोठी आवृत्ती असतात. २०१९ मध्ये केरळातील कोझिकोड जिल्ह्यातील एका महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी सहा ते रात्री दहा मोबाईल वापरण्यास मनाई करण्यात आली. फहीमा शिरीन या बी.ए.च्या विद्यार्थिनीने तो नियम मानण्यास नकार दिला, तिला वसतिगृहातून काढण्यात आले, आणि ती उच्च न्यायालयात गेली. १९ सप्टेंबर २०१९ रोजी न्यायमूर्ती पी. व्ही. आशा यांनी निर्णय दिला की, इंटरनेट मिळण्याचा हक्क हा शिक्षणाच्या हक्काचा व खाजगीपणाच्या हक्काचा भाग आहे. शिस्तीच्या नावाखाली तो हिरावून घेता येणार नाही. या निकालाला आता काही वर्षे झाली. महाराष्ट्रातील किती वसतिगृहांच्या नियमावलीत तो पोहोचला, हे विद्यार्थी संघटनांनी एकेका वसतिगृहात जाऊन पाहण्यासारखे आहे.

मोबाईलच्या अतिरेकाविषयीची काळजी खोटी आहे असे नाही. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा होतो आणि दीड तास घराघरातील दूरदर्शन संच व मोबाईल बंद ठेवले जातात. त्या प्रयोगाविषयी मतभेद असू शकतील. परंतु तो भोंगा मुलगा, मुलगी, बाप, आई सर्वांसाठी एकच वाजतो, हे त्याचे वैशिष्ट्य आहे. ज्या शिस्तीचा भोंगा फक्त मुलींच्या कानात वाजतो, तिला शिस्त म्हणता येत नाही.

या साऱ्याचा परिणाम शेवटी मजुरीवर होतो, आणि पक्षकार्यकर्त्यांनी अधिक लक्ष द्यावे असे स्थळ हेच आहे. संगणकाचे शिक्षण घेतलेल्या मुली कबनूर-इचलकरंजीत बेकार बसलेल्या नाहीत. सायझिंगच्या कार्यालयात, कापडाच्या पेढीवर, पतसंस्थेत, दवाखान्यात, ग्रामपंचायतीच्या सेवा केंद्रात संगणकापुढे त्याच तर दिसतात. दिवाणजीची जागा मुलीने घेतली आणि दिवाणजीचा पगार मात्र तिला मिळाला नाही. 'कॉम्प्युटर ऑपरेटर' हे नाव इंग्रजी, काम दिवसभराचे, नेमणुकीचा कागद नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही. ग्रामपंचायतींतील संगणक परिचालक तर कित्येक वर्षे वेतनश्रेणीसाठी आंदोलने करीत आले आहेत. पुण्याच्या संगणक कंपन्यांत चढती पगाराची नोकरी मिळविण्यासाठी सराव हवा, रात्री बसून केलेली स्वतःची कामे दाखवावी लागतात, परगावी खोली घेऊन राहावे लागते. आणि या तिन्ही गोष्टी मुलाच्या वाट्याला सहज येतात. आकडे भरण्याचे काम बाईचे, आकडे कशासाठी भरावयाचे हे ठरविण्याचे काम पुरुषाचे. नव्या यंत्रावरही कांडी कोणी भरायची आणि माग कोणी चालवायचा, ही जुनीच वाटणी होते आहे. आणि ती व्हायला अजून फार दिवस झालेले नाहीत, म्हणून ती मोडता येण्यासारखी आहे.

या बाबतीत डाव्या व समाजवादी चळवळीने स्वतःच्या इतिहासाकडेही मोकळ्या मनाने पाहिले पाहिजे. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात आयुर्विमा महामंडळाच्या कलकत्ता येथील कार्यालयात संगणक बसविण्याला कर्मचाऱ्यांनी दिलेला लढा प्रसिद्ध आहे; बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी १९८३ च्या करारात संगणकीकरणावर मर्यादा घालून घेतल्या. नोकऱ्या जाण्याची भीती काल्पनिक नव्हती, आणि यंत्राचा नफा कोणाच्या खिशात जाणार हा त्यांचा प्रश्न आजही तितकाच रास्त आहे. परंतु त्या सबंध वादात यंत्र आणि कामगार हे दोनच पक्ष होते. त्या कामगाराच्या घरात ते यंत्र आले तर त्यापुढे कोण बसेल, हा प्रश्न कोणीच विचारला नाही. आजही तालुक्यातील कोणत्याही पक्षशाखेच्या व्हॉट्सॲप गटातील नावे मोजून पाहावीत. महिला आघाडीच्या सभेची सूचनासुद्धा पुष्कळदा नवऱ्याच्या किंवा भावाच्या फोनवर जाते आणि त्यांना आठवण राहिली तर बाईपर्यंत पोहोचते!

राज्य शासनाने ८ जुलै २०२४ च्या निर्णयाने, वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. हे पाऊल चांगले आहे आणि विरोधकांनीही ते चांगले म्हणावे. पण शुल्क माफ झाल्याने संगणक कक्षाचे कुलूप उघडत नाही. तमिळनाडूने २०११ पासून सरकारी शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना लॅपटॉप दिले, राजस्थानने २०२३ मध्ये स्त्रियांना व विद्यार्थिनींना फोन दिले. सरकार बदलताच राजस्थानची योजना गुंडाळली गेली. अशा योजनांवर 'रेवडी' म्हणून टीका करणाऱ्यांच्या घरी सहसा प्रत्येक मुलाला स्वतंत्र लॅपटॉप असतो. मात्र एक अट आवश्यक आहे: साधन कुटुंबाला न देता विद्यार्थिनीच्या नावे, तिच्या स्वतःच्या क्रमांकासह दिले पाहिजे. कुटुंबाला दिलेली वस्तू घरात कोणाकडे जाते हे आतापर्यंतच्या विवेचनावरून उघड आहे.

याहून स्वस्त आणि तातडीने होण्यासारखी गोष्ट म्हणजे सार्वजनिक संगणक कक्ष. महाविद्यालयांचे कक्ष तासांपुरते उघडतात आणि उरलेल्या वेळी लाखो रुपयांची यंत्रे धूळ खात बसतात. ते सकाळी सातपासून संध्याकाळी सातपर्यंत आणि रविवारीही उघडे ठेवावेत, तेथे एक बाई देखरेखीस असावी, आणि शेवटच्या बसच्या वेळेशी त्यांची वेळ जुळवावी. कबनूरसारख्या मोठ्या वस्तीच्या गावात ग्रंथालयाच्या किंवा शाळेच्या इमारतीत दहा यंत्रांची एक खोली मुलींसाठी राखून ठेवणे स्थानिक संस्थेच्या आवाक्याबाहेरचे नाही. जेथे दुकानदार अर्ज भरून देणार नाही. मुलगी स्वतः भरील, चुकेल, पुन्हा भरील.

घरातील गोष्टीत बाहेरच्यांनी काय करावे, असा आक्षेप यावर येईलच. कोल्हापूर संस्थानात तो शंभर वर्षांपूर्वीही आला होता. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला, तेव्हा मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला होता. मूल बापाचे, मग राजाला काय, हा युक्तिवाद त्यांनी मानला नाही. शेजारच्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड गावाने ४ मे २०२२ रोजी विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तोही घराच्या उंबऱ्याआतल्याच गोष्टींविषयी होता. आणि कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे याविषयी जे गाव ठराव करू शकते ते संगणक कक्षाविषयीही करू शकते.

कबनूरमधील कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा. त्याआधी, ग्रामसभेची नोटीस गावातील किती विद्यार्थिनींच्या स्वतःच्या फोनवर गेली आहे, तेवढे मोजून यावे. सभेत बोलण्यास पुरेसा मजकूर त्यातूनच मिळेल.